वजन आणि झगमगाट : ख्रिस्ताच्या पुनरागमनातलं ‘वैभव’ कसं वाचावं



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने लिहून पाठवलेला प्रश्न मी आज मध्यभागी ठेवणार आहे. प्रश्न असा : ज्याने क्रूसावर स्वतःचा बचाव केला नाही, तोच जर एक दिवस मेघांवर आरूढ होऊन, देवदूतांसह, सामर्थ्याने आणि वैभवाने परत येणार असेल, तर क्रूसाचं काय राहिलं? ती एक तात्पुरती माघार होती का? आज मार खातो, उद्या बघून घेतो, असा हा हिशोब आहे का?

प्रश्न खोचक आहे, खोडसाळ नाही. नीत्शेने तो याहून कडवटपणे विचारला होता, त्याच्याकडे येऊच. मी धर्मोपदेशक नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ग्रंथ हातात आला की त्यातल्या शब्दांचा पिच्छा पुरवायची खोड जडली आहे. श्रद्धा असणारा आणि नसणारा, दोघांपुढे संहिता एकच असते. तिच्यापाशीच राहून बोलतो.

पुनरागमनाची भाकितं नव्या करारात अनेक ठिकाणी आहेत. मत्तय, लूक, पौलाची पत्रं आणि शेवटी प्रकटीकरण. पण पाया मार्कच्या तेराव्या अध्यायात आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, इसवी सन ७०च्या आगेमागे लिहिलेलं. याच साली टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं. त्या अध्यायातल्या सव्विसाव्या ओवीत मनुष्याचा पुत्र मेघांत येताना लोक पाहतील, आणि तो ‘डुनामिस’ आणि ‘डॉक्सा’ यांसह येईल, असं आहे. प्रचलित मराठी भाषांतरात ही जोडी ‘पराक्रम’ आणि ‘वैभव’ अशी येते. मराठी कानांवर या दोन शब्दांचा काय परिणाम होतो ते बघा. पराक्रम म्हटलं की तलवार आणि किल्ले. वैभव म्हटलं की दरबार, झुंबरं, हत्ती. म्हणजे आपण वाचायला बसायच्या आधीच चित्र रंगवून तयार असतं.

आता ‘डॉक्सा’ हा शब्द घ्या. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला या शब्दाशी पहिल्या वर्षीच गाठ घालून देतात, आणि तिथे त्याची काही फार प्रतिष्ठा नसते. प्लेटोकडे डॉक्सा म्हणजे मत, जे वाटतं ते. ज्ञान वेगळं आणि डॉक्सा वेगळी. त्याच्या आधी पार्मेनिडीसने तर मर्त्य माणसांच्या भ्रामक समजुतींना हाच शब्द लावला. मूळ क्रियापद ‘वाटणं, भासणं’ या अर्थाचं. लोकांना तुमच्याविषयी काय वाटतं ते तुमचं डॉक्सा, म्हणून पुढे नावलौकिक, कीर्ती. मग हा भासाचा शब्द देवाच्या तेजाला कसा लागला?

ती करामत अलेक्झांड्रियातल्या ज्यू भाषांतरकारांची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून त्यांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणायला घेतलं. हिब्रूतल्या ‘कावोद’ या शब्दासाठी त्यांनी डॉक्सा निवडला. आणि कावोदचा मूळ धातू आहे ‘जड असणं’. वजन! जो माणूस कुटुंबात, गावात, सभेत वजन राखून असतो, त्याचं कावोद. हिब्रू ग्रंथकार या धातूशी सतत खेळत असतात. निर्गमात फारोचं मन जड होतं, तिथे हाच धातू. आणि त्या फारोवर देव आपलं कावोद प्रस्थापित करतो, तिथेही हाच. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात म्हातारा याजक एली आसनावरून मागे पडून मरतो, कारण तो वृद्ध होता आणि ‘जड’ होता. त्याच दिवशी त्याच्या सुनेला मुलगा होतो, आणि कराराचा कोश शत्रूने नेला म्हणून ती त्याचं नाव ईखाबोद ठेवते. कावोद गेलं. जड माणूस पडला आणि राष्ट्राचं वजन निघून गेलं, दोन्ही एकाच प्रकरणात, काही ओव्यांच्या अंतराने.

आता गंमत अशी की ग्रीकमध्ये जे हरवलं ते मराठीत आयतं मिळत होतं. ‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’पासून आला, आणि गुरु म्हणजे जड. गुरुत्वाकर्षणातलं गुरुत्व तेच. वैशेषिकांनी गुरुत्व हा गुण सांगितला आहे, वस्तू खाली पडते त्याचं कारण म्हणून. (आमच्या नैयायिकांकडे मात्र ‘गौरव’ हा दोष आहे! कमी कल्पनांत भागत असताना जास्त कल्पना घेतल्या की गौरवदोष. लाघव हा गुण. पण ते राहू द्या.) मराठी शास्त्रात डॉक्सासाठी कुठे ‘गौरव’, कुठे ‘वैभव’, कुठे ‘तेज’ असे तीन शब्द आलटून पालटून येतात. भाषांतरकारांना मी नावं ठेवत नाही. संदर्भाप्रमाणे शब्द बदलावाच लागतो. पण मराठी वाचकाला कळत नाही की यहेज्केलने मंदिर सोडून जाताना पाहिलेलं ‘तेज’, बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेलं ‘गौरव’ आणि मेघांवर येणारं ‘वैभव’ ही एकच वस्तू आहे. तीन नावांनी तीन माणसं झाली. माझ्या मते पुनरागमनाच्या ओवीत ‘गौरव’ हाच शब्द हवा होता. त्यात वजन आहे. वैभवात झगमगाट फार.

पौलाला हे नक्की जाणवलं होतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो डॉक्साच्या जोडीला मुद्दाम ‘भार’ असा ग्रीक शब्द वापरतो. लिहितो ग्रीकमध्ये, पण कानात हिब्रू वाजत असतं.

यहेज्केलचं नाव आलं, तर त्याच्याकडे थोडं थांबू. कारण ‘परत येणं’ ही कल्पना ख्रिस्ताच्या बाबतीत पहिल्यांदा आलेली नाही. बाबेलच्या बंदिवासात असताना यहेज्केलला दिसतं की देवाचं कावोद यरुशलेमच्या मंदिरातून निघालं. एकदम जात नाही. उंबरठ्यावर थांबतं, मग पूर्वेच्या दरवाजाशी थांबतं, आणि अखेर शहराबाहेर, पूर्वेच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं. घर सोडून जाणारं माणूस जसं वळून वळून बघतं तसं. पुढे त्रेचाळिसाव्या अध्यायात ते पूर्वेकडूनच परत येतं. म्हणजे गौरवाचा जाण्याचा आणि येण्याचा रस्ता ठरलेला आहे, आणि तो त्या डोंगरावरून आहे.

शहराच्या पूर्वेला तो डोंगर कुठला? जैतुनांचा डोंगर. आणि मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू हे सगळं भाकीत कुठे बसून करतो? जैतुनांच्या डोंगरावर, मंदिरासमोर. मार्क काही स्पष्ट करून सांगत नाही. त्याची ती सवयच नाही. पण ज्याच्या कानात यहेज्केल आहे त्याला ऐकू येतं. त्याच्या दोन अध्याय आधी, अकराव्यात, येशू याच डोंगराकडून शिंगरावर बसून शहरात येतो. लोक घोषणा देतात, झाडांच्या डहाळ्या पसरतात. आता पूर्वेकडून गौरव मंदिरात परत आलं, म्हणजे काहीतरी घडायला हवं. मार्क काय लिहितो? तो मंदिरात गेला, सगळीकडे नजर फिरवली, आणि उशीर झाला होता म्हणून बेथानीला निघून गेला. बस. साहित्यात इतका अंगावर येणारा फुसका शेवट मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे. ज्याची शतकानुशतकं वाट पाहिली ते आलं, इकडे तिकडे बघून गेलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हा मार्कचा हात ओळखला की तेरावा अध्याय वेगळा दिसायला लागतो. त्याची सुरुवात बघा. एक शिष्य मंदिराकडे बघून म्हणतो, गुरुजी, केवढे हे धोंडे, केवढी ही बांधकामं! आणि त्याच्या अगदी आधीच्या ओव्यांत एका गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या टाकल्या आहेत, आणि येशूने शिष्यांना बोलावून सांगितलं आहे की सगळ्यांत जास्त हिनेच टाकलं. वजनाचा धडा नुकताच होऊन गेला आहे. तराजूच्या एका पारड्यात दोन टोल्या, आणि पारडं खाली. तरी शिष्याची नजर धोंड्यांवर! अध्याय संपल्यावर लगेच काय आहे? दुसरी एक बाई, तीनशे दिनारांहून महाग सुगंधी तेल येशूच्या डोक्यावर ओतते, आणि तो म्हणतो की हिने माझ्या उत्तरकार्याची तयारी केली. सूर्य काळवंडणं, तारे गळणं, मेघांवरून येणं, हे सगळं प्रलयंकारी भाषण या दोन बायकांच्या मध्ये बसवलेलं आहे. हे सहज झालेलं नसावं.

आता ‘डॉक्सा’ मार्कमध्ये किती वेळा येतो? तीनदा. फक्त तीनदा. पहिल्यांदा आठव्या अध्यायाच्या शेवटी, मनुष्याचा पुत्र पित्याच्या गौरवात येईल तेव्हा. आणि त्याच्या जरा आधी प्रत्येकाने आपला वधस्तंभ उचलावा असं सांगून झालं आहे. तिसऱ्यांदा आपली तेराव्या अध्यायातली ओवी. आणि मधला प्रसंग दहाव्या अध्यायातला, जो मला या साऱ्या कोड्याची किल्ली वाटतो. येशू नुकताच तिसऱ्यांदा सांगून चुकला आहे की माझी थट्टा होईल, मला फटके मारतील, मारून टाकतील. त्यावर याकोब आणि योहान हे दोघे भाऊ पुढे येऊन मागणी करतात : तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसू दे. मंत्रिमंडळ बनायच्या आधीच खाती मागितली! येशू म्हणतो, तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही. आणि त्या जागा ज्यांच्यासाठी ठेवल्या आहेत त्यांच्या आहेत.

कोणासाठी ठेवल्या होत्या? पाच अध्यायांनंतर, पंधराव्यात, उत्तर मिळतं. दोन लुटारू क्रूसावर दिले जातात, एक उजवीकडे, एक डावीकडे. येशूने जागा नाकारताना ‘डावीकडे’साठी जो शब्द वापरला, तोच इथे आहे. मार्कने सिंहासनाच्या दोन्ही बाजू भरून दाखवल्या.

आणि ‘डुनामिस’? अ‍ॅरिस्टॉटलमुळे आम्हा लोकांना हा शब्द ‘सुप्त क्षमता’ या अर्थाने पाठ. बीजात झाड असतं तशी. मार्कमध्ये त्याची चाल पाहण्यासारखी आहे. बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई गर्दीतून येशूच्या वस्त्राला हात लावते, तेव्हा त्याच्यातून डुनामिस निघून गेल्याचं त्याला जाणवतं. म्हणजे हे सामर्थ्य नुसतं गाजवायचं नाही, दुसऱ्याकडे निघूनही जाणारं आहे. पुढे स्वतःच्या गावात त्याला एकही डुनामिस, म्हणजे सामर्थ्याचं काम, करता येत नाही. थोड्या आजाऱ्यांना बरं करतो एवढंच. तेराव्या अध्यायात तर दोन डुनामिस शेजारी शेजारी उभ्या आहेत. पंचविसाव्या ओवीत आकाशातली ‘सामर्थ्यं’ डळमळतात, अनेकवचनी. आणि लगेच सव्विसाव्यात मनुष्याचा पुत्र मोठ्या ‘सामर्थ्यासह’ येतो, एकवचनी. सामर्थ्यांचा डोलारा कोसळला, मग सामर्थ्य आलं. ते कोसळणाऱ्यांच्याच जातीचं, फक्त आकाराने मोठं, असं आपण का धरून चालतो? संहितेत त्याला आधार नाही. आणि क्रूसाखाली उभे असलेले याजक हसून काय म्हणतात? याने दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवायला ‘समर्थ’ नाही. तोच धातू. पुढे म्हणतात, आता खाली उतर, म्हणजे आम्ही पाहू आणि विश्वास ठेवू.

‘पाहू’ हा शब्द लक्षात ठेवा. भाकितात होतं, ‘ते पाहतील’. चौदाव्या अध्यायात, हात बांधलेला कैदी म्हणून प्रमुख याजकापुढे उभा असताना येशू म्हणतो, ‘तुम्ही पाहाल’. मग दुपारी बारा वाजता देशभर अंधार पडतो. सूर्य काळवंडेल असं भाकीत होतंच. आणि शेवटी पाहतो कोण? ज्याच्या हुकमाखाली हे काम चाललं होतं तो रोमन शताधिपती. तो कसा मेला हे पाहून तो म्हणतो की हा खरोखर देवाचा पुत्र होता. आर. एच. लाइटफूट या इंग्रज अभ्यासकाने १९५० साली आणखी एक धागा दाखवला. तेराव्या अध्यायाच्या शेवटी जागे राहायला सांगताना चार प्रहर मोजले आहेत : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ. पुढची गोष्ट या प्रहरांवरूनच चालते. संध्याकाळी शेवटचं भोजन, रात्री गेथशेमानेची बाग आणि झोपलेले शिष्य, कोंबडा आरवतो तेव्हा पेत्राचा नकार, सकाळी पिलाताच्या हवाली. घरधनी आला, आणि सगळे झोपलेले सापडले.

इथे एक मोह होतो, तो टाळायला हवा. मोह असा की पुनरागमन म्हणजे क्रूसच, भाकीत तिथेच पुरं झालं, पुढे काही उरलं नाही, असं म्हणून पुस्तक मिटावं. फार सुबक उत्तर आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. सत्ताविसाव्या ओवीत चारही दिशांकडून निवडलेल्यांना गोळा करण्याची गोष्ट आहे. ती क्रूसापाशी घडलेली नाही, तिथे तर सगळे पांगले. एन. टी. राइट यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात निराळा मार्ग काढला : दानीएलच्या सातव्या अध्यायात मनुष्यासारखा कोणी मेघांसह ‘पुराणपुरुषाकडे’ जातो, म्हणजे दिशा वर आहे, खाली नाही, तेव्हा मार्कमधलं ‘येणं’ हे पृथ्वीवर उतरणं नसून देवापुढे न्याय मिळणं आहे, आणि मंदिराच्या पतनात ते दिसलं. दानीएलपुरतं हे मला पूर्ण पटतं. मार्कपुरतं अर्धं. शहर जळण्यात कोणाचा तरी न्याय झाला असं म्हणताना माझी जीभ अडखळते.

दानीएलची पार्श्वभूमीही इथे महत्त्वाची आहे. ते दर्शन आजच्या रूपात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, अंतियोख चौथा याच्या छळाच्या काळात. इसवी सनापूर्वी १६७ साली त्याने यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची उपासना सुरू करवली. त्याने स्वतःला ‘एपिफानेस’ म्हणवून घेतलं, म्हणजे प्रकट झालेला देव. नाण्यांवर तसं कोरलं. पॉलिबियस सांगतो की लोक एक अक्षर बदलून त्याला ‘एपिमानेस’ म्हणत : वेडा. दानीएलमध्ये समुद्रातून चार हिंस्र पशू वर येतात, ती साम्राज्यं. आणि राज्य, सत्ता, गौरव शेवटी मिळतं ते माणसासारख्या एकाला. पशूंना नाही, आणखी मोठ्या पशूलाही नाही. मुद्दा तिथे आहे.

पण नव्या करारातल्या लेखकांनी पुनरागमनासाठी शब्द घेतले ते राजांच्या कोठारातूनच. ‘एपिफानेया’ एक. दुसरा ‘पारुसिया’, जो मत्तय आणि पौल वापरतात. डाइसमान या जर्मन पंडिताने १९०८ साली इजिप्तच्या जुन्या पपायरसांवरून दाखवलं की पारुसिया हा राजाच्या भेटीचा व्यवहारातला शब्द होता. आपल्याकडचा नेमका शब्द आहे ‘स्वारी’. राजाची स्वारी येणार! आणि स्वारी येणार म्हटलं की तिचा खर्च रयतेवर. धान्य गोळा करा, मुकुटासाठी पैसे काढा. वरच्यांना तो गौरवाचा दिवस, खालच्यांना वसुलीचा.

आता हे मनात ठेवून मत्तयचा पंचविसावा अध्याय वाचा. मनुष्याचा पुत्र गौरवाने येतो, गौरवाच्या सिंहासनावर बसतो, सर्व राष्ट्रं समोर उभी. राजाची स्वारी आली आहे आणि हिशोबाची वही उघडली आहे. वसुली कशाची? मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. राजाच्या मुदपाकखान्यात किती धान्य पोचलं हे कोणी विचारतच नाही. भुकेल्याच्या ताटात काय पडलं तेवढंच जमेला धरलं आहे. आणि दोन्ही बाजूंचे लोक चकित होऊन एकच विचारतात : आम्ही तुला कधी ‘पाहिलं’? म्हणजे न्याय करणारा आधी येऊन गेला होता, रोज येत होता, आणि डोळे धोंड्यांवर होते. त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. वैभवात येणारा क्रूस मागे टाकून येत नाही. सिंहासनावर बसूनही तो स्वतःची ओळख सांगतो ती कैद्याची आणि भुकेल्याची.

पण नीत्शेला एवढ्यावर टाळता येणार नाही. १८८७च्या ‘नीतीच्या वंशावळी’त त्याने प्रकटीकरणाला सूडबुद्धीचा सर्वांत बेभान उद्रेक ठरवलं. दुबळ्यांना आज सूड घेता येत नाही, म्हणून ते तो देवाच्या नावे पुढच्या तारखेचा काढून ठेवतात. पुरावा म्हणून त्याने इसवी सन २००च्या सुमाराच्या कार्थेजच्या तर्तुल्लियनला पुढे केलं. तर्तुल्लियन म्हणतो, तुम्हाला रोमन आखाड्यातले खेळ आवडतात ना? थांबा, त्याहून मोठा खेळ येतो आहे, अंतिम न्यायाचा. राजे जळतील, सुभेदार जळतील, आणि तत्त्वज्ञ आपल्या विद्यार्थ्यांसमोर शरमेने लाल होत जळतील. (म्हणजे यात माझाही वैयक्तिक संबंध येतो.) हे लिखाण खरं आहे आणि ओंगळ आहे. तसं वाचणारे आजही आहेत. व्यासपीठावरून ‘तो येईल तेव्हा यांना कळेल’ असं म्हणताना वक्त्याच्या चेहऱ्यावर जी चमक येते, ती डॉक्सा आहे, पण प्लेटोच्या अर्थाने.

प्रकटीकरणाची स्वतःची साक्ष मात्र दुहेरी आहे. पाचव्या अध्यायात योहानाला ऐकू येतं की यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. तो वळून बघतो तर सिंह नाहीच. वधलेलं वाटावं असं एक कोकरू उभं आहे. कानावर सिंह, डोळ्यांना कोकरू. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो. मराठी माणसाला इथे हमखास कल्की आठवतो, पण या स्वाराची तलवार हातात नाही, तोंडातून निघते. आणि त्याचं वस्त्र लढाई सुरू होण्याच्या आधीच रक्तात बुचकळलेलं आहे. काही भाष्यकार म्हणतात, ते त्याचं स्वतःचं रक्त. काही यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायाकडे बोट दाखवून म्हणतात, शत्रूंचं. मला पहिलं वाचन कोकराशी जुळणारं वाटतं. तरीही चौदाव्या अध्यायात घोड्यांच्या लगामापर्यंत चढणारं रक्त आहे, एकोणिसाव्यात प्रेतांवर जेवायला बोलावलेले पक्षी आहेत, आणि तिथे मी काहीही सावरून घेणार नाही. त्या ग्रंथात कोकराने सिंहाला पुरतं जिंकलेलं नाही. एवढं मात्र म्हणेन की सहाव्या अध्यायात ‘किती काळ?’ असा आक्रोश करणारे आहेत ते मारले गेलेले लोक, वेदीखालचे. त्यांच्या तोंडी तो शोभतो. रोमच्या आखाड्यात ज्याचं माणूस गेलं त्याचा आक्रोश, पोट भरलेल्या माणसाने उसना घेऊ नये.

तारखा काढणाऱ्यांबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, वाट पाहिली, दिवस गेला. इतिहासात त्याला ‘महानिराशा’ असं नाव पडलं. मार्कच्या तेराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. वैभवाने येणाऱ्यालाच आपलं वेळापत्रक माहीत नाही! सामर्थ्याच्या रूढ कल्पनेत हे कुठे बसतं? आपल्याला सर्वज्ञ सत्ता हवी असते. मार्क एक न जाणणारा राजा पुढे करतो, आणि मत्तयने ही ओवी घेतल्यावर काही नकलनवीसांनी त्यातून ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द गाळले, हे हस्तलिखितांत दिसतं.

अशी अस्वस्थता मार्कच्या शेवटाबाबतही झाली. सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतं. कबर रिकामी आहे. एक तरुण सांगतो की तो तुमच्या पुढे गालीलात जात आहे, तिथे तुम्ही त्याला पाहाल. आणि बायका भीतीने पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत. पुन्हा तेच क्रियापद, ‘पाहाल’. आणि दाखवलं मात्र जात नाही. मेघ नाहीत, तेज नाही, सिंहासन नाही. पुढे कोणाला तरी हे सोसवलं नाही, म्हणून बारा ओव्या जोडल्या गेल्या, आणि त्यांतल्या एकोणिसाव्या ओवीत येशूला देवाच्या उजवीकडे नीट बसवून दिलं.

पुढच्या वेळी त्या बारा ओव्याच घेऊ. प्रश्न असतील तर लिहून पाठवा.